शिळफाट्यावरचं ‘मिसिंग’

नीना आणि समीर,

तुमच्या बाबांनी दिवाळीच्या पत्रात माझ्यावर एक काम सोपवलं होतं. ‘आई, हिरवी गाडी आता विकून टाकावी असं मला वाटतं. ती सारखी बंद पडते असं तूच लिहितेस. बाबाही सत्तर वर्षांचे झाले. पण मी सांगितलं तर त्यांना राग येईल. तू एकदा त्यांच्याबरोबर लांबवर जाऊन ये, सगळं नीट बघ आणि निकाल दे. तू म्हणशील तसं करू.’

पत्र आजोबांनीही वाचलं. चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, “चालेल. जानेवारीत यमूकडे खालापूरला जाऊ आणि तिथून कर्जतला तांदूळ आणायला. तीन दिवस. गाडीने त्रास दिला तर विकू. तू न्यायाधीश.”

असं म्हणून ते खाली गेले आणि बॉनेट उघडून गाडीसमोर उभे राहिले. नोकरी संपल्यापासून त्यांची सकाळ तिथेच जाते. कारखान्यात ज्यांच्या एका शब्दावर यंत्रं सुरू आणि बंद होत, त्यांच्या हातात आता हे एवढं एकच यंत्र उरलं आहे. गाडी गेली तर त्यांचं काय जाईल, हे मला पुरतं ठाऊक होतं. तरी मी एक कोरी वही घेतली, उभ्या रेघा मारल्या आणि ‘ठिकाण’, ‘वेळ’, ‘कारण’ असे तीन रकाने आखले. काम अंगावर घेतलं की ते नीट करावं.

गाडीचं दुखणं तुम्हाला आधी सांगायला हवं. धावताना तिची काहीच तक्रार नसते. पण थांबवून पाय उचलला, की इंजिनाने आपलं आपण संथ चालत राहावं, ते होत नसे. या संथ चालण्याला आजोबा ‘स्लो रनिंग’ म्हणतात. आमच्या गाडीचं स्लो रनिंग इतकं खाली उतरायचं, की माझ्या मांडीवरची पिशवी थरथरायची, दाराची काच खुळखुळायची आणि दोनचार गचके देऊन इंजिन गप्प. इंजिनात हवा आणि पेट्रोल मिसळणारं जे भांडं असतं, त्याला कार्ब्युरेटर म्हणतात. आजोबा दर दसऱ्याला ते स्वतः उतरवून धुतात, मग गाडीला झेंडूचा हार घालतात. यंदाही धुतलं, हारही घातला, आणि दुखणं नेमकं तेव्हापासून सुरू झालं. आजोबांनी स्लो रनिंगचा स्क्रू किती वेळा पिळला असेल याची गणती नाही. गाडीशी कान नेऊन ते पिळायचे, मान डोलवायचे, “आता झाली” म्हणायचे, आणि कोपऱ्यावरच्या पोलिसाने हात दाखवला की गाडी पुन्हा बंद.

गुरुवार, खालापूर

पुण्याहून खंडाळ्यापर्यंत वहीत दोनच नोंदी झाल्या. तिसरी घाटात. एका वळणावर समोरून ट्रक चढत होता म्हणून थांबलो, आणि उतारावर इंजिन बंद. आजोबांनी ब्रेक दाबून धरला, मी खाली उतरून पुढच्या चाकाला दगड लावला. ट्रकवाल्याने जाता जाता माझ्या नऊवारी नेसण्याकडे आणि हातातल्या दगडाकडे पाहून सलाम ठोकला. मीही मान लववली.

घाट उतरला की हवाच बदलते. आपल्याकडे जानेवारीत नद्या वाळू दाखवू लागतात, इथे खोपोलीला पाताळगंगा काठोकाठ वाहत असते. वरच्या तलावांचं पाणी मोठ्या नळांतून खाली येतं, वीज तयार करतं आणि मग नदीत सुटतं, म्हणून. भातं कापून झालेली, शेतांत नुसती खुंटं, आणि त्याच खुंटांतून वालाचे हिरवे वेल वर आलेले. पेरायला कोणी नांगरही घालत नाही म्हणे, ओल आहे तोवर बी टाकायचं. आमच्या देशावरच्या माणसाला हे आयतं पीक पाहून थोडा हेवा वाटतो.

यमूताई म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. तिचे यजमान खालापूरच्या कचेरीत होते. ते गेल्यावरही ती पुण्याला परत आली नाही. गाडी तिच्या अंगणात शिरली तेव्हा ती पडवीच्या पायरीवरच उभी होती.

“दादा, गाडी आणलीस की रहाटगाडगं? नाक्यापासून ऐकू येतंय मला.”

“काय म्हणालीस?” आजोबांनी विचारलं.

“काही नाही. पाय धू.”

जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. तुम्हाला भाकरी म्हणजे ज्वारीची एवढंच माहीत. इथे तांदळाच्या पिठाची उकड काढून ती मळतात. भाकरी पांढरीशुभ्र होते आणि दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. बिरड्यासाठी यमूताईने आदल्या रात्री भिजवलेले वाल एकेक करून सोललेले होते. आजोबांनी तीनदा मागून घेतलं.

भांडी घासताना यमूताईने आवाज न उतरवताच विषय काढला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. आजोबा पलीकडच्याच खोलीत होते.

“वहिनी, दादाला ऐकू येत नाही गं.”

“असं काही नाही. जरा मोठ्याने बोललं की येतं.”

“मग गाडी मोठ्याने बोलणार का?”

वर्षभर मी टेबलावर जरा जोरात बोलत होते, रेडिओ जरा मोठा लावत होते, आणि त्याला काही नाव दिलं नव्हतं. पण इंजिनाचं स्लो रनिंग आजोबा नेहमी कानाने लावत आले. आणि आता कानच पुरेसे नव्हते, तर ते काय ऐकून मान डोलवत होते?

ही नोंद मात्र मी वहीत केली नाही. तिला रकानाच नव्हता.

शुक्रवार, शिळफाटा आणि पळसदरीची वाट

सकाळी अंगणातून इर्शाळगड स्वच्छ दिसत होता. त्याच्या सुळक्यात आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात, सुईला असतं तसं. ते पाहून आम्ही कर्जतकडे निघालो. कर्जतचा रस्ता शिळफाट्यावरून वळतो. शिळफाटा म्हणजे खोपोलीचा बाजार आणि चार रस्त्यांचा गुंता. तिथे समोर एस.टी. आडवी झाली, मागे टेंपो लागला, आजोबांनी पाय उचलला, आणि आमची गाडी बरोबर मधोमध बंद पडली. वहीतली नववी नोंद.

“ओ काका, बाजूला घ्या ना गाडी!” एस.टी.चा कंडक्टर खिडकीतून ओरडला. आजोबा शांतपणे चावी फिरवत होते. टेंपोवाल्याने हॉर्नवर हातच ठेवला होता, तोही त्यांच्यापर्यंत पोहोचत नसावा.

शेवटी दोघं माणसं पुढे झाली. एक वालाच्या शेंगांची पाटी घेऊन बसलेला होता, दुसरा त्याचा सोबती. दोघांनी ढकलून गाडी चहाच्या टपरीशी आणली. तिथे आजोबांनी ती चालू केली. दोघं थरथरणाऱ्या बॉनेटकडे बघत राहिले.

“गाडीत मिसिंग हाय,” शेंगावाला मला म्हणाला.

“काय मिसिंग आहे?”

“मिसिंग हाय ना.”

“हो, पण काय मिसिंग आहे?”

त्याने माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. “आता कसं सांगू, बाय? मिसिंग म्हंजी मिसिंग.” मग सोबत्याकडे वळून, “काय रं, मिसिंगच हाय ना?”

“मिसिंगच. दुसरं काय नाय.”

इथे एक सांगते. या भागात बाईला ‘बाय’ म्हणतात. तुम्ही फोन ठेवताना म्हणता तो हा ‘बाय’ नव्हे. यात मान आहे आणि मायाही.

“तुम्ही पडताना पाहिलंत का काही?” मी विचारलं आणि आलो त्या रस्त्याकडे नजर टाकली. ती दोघं बिचारी माझ्या मानाखातर रस्त्याकडे पाहू लागली. आम्ही तिघंजण काही वेळ शिळफाट्याचा डांबरी रस्ता न्याहाळत उभे होतो.

आजोबांना खोकला आला म्हणून मी वळले, तर ते स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होते. “अगं, इंजिनाचा ठोका चुकतो, त्याला मेकॅनिक लोक मिसिंग म्हणतात. काही हरवलेलं नाही.”

तीस वर्षं शाळेत मुलींना इंग्रजी शिकवलेल्या बाईला हे शिळफाट्यावर, शेंगांच्या पाटीशेजारी शिकावं लागलं. शेंगावाल्याने सल्ला मात्र पक्का दिला. “पळसदरीच्या अलीकडं बाळारामची भाताची गिरण हाय. तिथं न्या. भहिरा हाय तो, पर इंजिनातलं त्याच्यावानी कुनाला समजत नाय.”

आजोबांनी विचारलं, “काय म्हणाला?”

“बाळारामची गिरणी म्हणाला,” मी सांगितलं. मधला शब्द गाळला.

गिरणी रस्त्याला लागूनच होती. पत्र्याची शेड, बाजूला माणूसभर उंचीचा तुसाचा ढीग आणि आत डिझेल इंजिनाचा असा दणका, की छातीत ठोके बसावेत. पन्नाशीचा एक गडी कोंड्याने पांढराफटक होऊन आत उभा होता. तो बाळाराम. बाहेर ओट्यावर त्याची बायको मथुरा सुपाने तांदूळ पाखडत होती. पाखडता पाखडता तिने एकदम डावा हात वर केला. बाळारामने तिकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

“पट्टा सरकला व्हता,” मथुरा मला म्हणाली. “त्याला नाय ऐकू येत. मी हात वर केला का तो बंद करतो. लगीन झाल्यापासनं मी भायेर बसून ऐकतंय.”

बाळाराम हात पुसत बाहेर आला आणि आनंदाने ओरडत बोलू लागला, “कान गेलं हो काका माझं. या गिरनीनं खाल्लं. तुमचं?”

“माझे ठीक आहेत,” आजोबा म्हणाले.

“ठीक हायेत?” मथुराने मागून विचारलं. “मग मगाधरनं तीनदा इचारलं, चाय घ्याल का म्हनून, तं बोलत का नाय?”

आजोबा माझ्याकडे पाहत राहिले. मी खाली पाहिलं. बाळारामला यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं, तो आधीच बॉनेट उघडत होता.

त्याची तपासायची रीत मी नीट पाहून ठेवली, तुम्हाला लिहायची होती म्हणून. चालू इंजिनाच्या चार प्लगांच्या वायरी त्याने फडक्याने धरून एकेक करून काढल्या. प्रत्येक वायर निघाली की इंजिन तेवढंच दबायचं, परत लावली की तेवढंच उठायचं. “चारी भाव सारखंच राबतात,” तो म्हणाला. “यांच्यात कामचोर नाय कुनी.” मग मथुराकडून पितळेचा पेला पाण्याने भरून घेतला आणि मडगार्डवर ठेवला. पेल्यातलं पाणी नुसतं शहारत होतं, काठावरून थेंब उडत होते. आपण आवाज ऐकतो, तो पाणी वाचत होता.

“कुठनं तरी वारा पितंय,” बराच वेळ पाण्याकडे बघून तो म्हणाला. “पेट्रोल बरोबर हाय, वारा जास्त जातो. भोक पायजे कुठंतरी.”

त्याने वावभर लांब रबरी नळी आणली. तिचं एक टोक माझ्या हातात दिलं. “बाय, तुमी ऐका. आमच्या दोगांचा काय उपेग नाय.”

आमच्या दोघांचा. मला वाटलं आता आजोबा रागावतील. त्यांनी काही न बोलता नळीचं दुसरं टोक हातात घेतलं आणि बॉनेटखाली वाकले.

मी नळी कानाला लावली. आधी नुसतीच शिवणयंत्रासारखी खडखड. आजोबा नळीचं टोक फिरवत होते. “इथे?” नाही. “इथे?” नाही. मी मानेनेच सांगत होते. एका बाजूला टिकटिक, एका बाजूला पट्ट्याची कुरकुर. मग ते कार्ब्युरेटरच्या पाठीमागे, बुडाशी आले आणि माझ्या कानात कुकरची शिट्टी होण्याआधी निघते तशी सूंऽऽ अशी वाफ सुटली.

“थांबा!” मी म्हटलं. “हाच आवाज. हा तर पुण्यापासून येतोय.”

“मग सांगितलं नाहीस ते?” आजोबा ताठ झाले.

“मला वाटलं, गाडीचाच आहे.”

“गाडीचाच आहे!” ते जोरात म्हणाले. मग नळीच्या टोकाकडे पाहत, हळूच, “मला नाही ऐकू आला.”

मथुराने चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी तो घेतला.

बाळारामने दाढीचा आरसा आणून बुडाशी धरला. आरशात एक रिकामं भोक दिसलं, शाईच्या टाकाच्या निबाएवढं. त्याने त्यावर अंगठा दाबला. मुलांनो, तो क्षण मी विसरणार नाही. इंजिनाची धाप एकदम गेली. ते एका लयीत, सावकाश बोलू लागलं आणि पेल्यातलं पाणी जागच्या जागी निवलं. अंगठा काढला, पुन्हा थरथर. ठेवला, पुन्हा शांत.

“हितं पितळेचा स्क्रू पायजे,” बाळाराम म्हणाला. “तो कुठं हाय?”

“मिसिंग,” मी म्हटलं.

आजोबा मात्र हसले नाहीत. ते विचारात पडले होते. “असं कसं होईल? दसऱ्याला मी सगळे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडले होते. काढले त्याच क्रमाने लावले. शेवटी पत्रावर काही उरलं नव्हतं. मी चहाला आत गेलो, आलो, एकेक करून...”

ते चहाला आत गेले. तेवढं ऐकलं आणि मला आमचा दसऱ्याचा व्हरांडा डोळ्यांसमोर दिसला. पूजेची वेळ होत आली होती. व्हरांड्यात पसारा. मी झाडू घेऊन आवरत होते, आणि वर्तमानपत्राच्या अगदी कडेला एक आखूड पितळी स्क्रू पडला होता. बाकीच्या ओळीपासून जरा सुटा. मी तो उचलला, पदराने पुसला आणि कपाटातल्या ज्या डब्यावर मी ‘किरकोळ स्क्रू’ अशी चिठ्ठी लावली आहे, त्यात टाकला.

माझ्या पिशवीत नऊ नोंदींची वही होती. तिच्यातला ‘कारण’ हा रकाना दर वेळी मी ‘जुनी गाडी’ असा भरला होता. दोनदा ‘चालक’ असाही. तो रकाना मला आता आठवेनासा झाला तर बरं, असं वाटलं. पण तीस वर्षं मुलींना खरं बोला म्हणून सांगितलेलं असतं, त्याचा हा तोटा.

“तो स्क्रू मी उचलला,” मी म्हटलं. इंजिनाच्या आवाजात ते त्या दोघांपर्यंत पोहोचलं नाही. मथुराने शेवटी स्वतः गाडीत हात घालून इंजिन बंद केलं, म्हणून मला तेच पुन्हा, त्या अचानक शांत झालेल्या ओट्यावर, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगावं लागलं. डब्यासकट.

आजोबांनी फडक्याला हात पुसले.

“डब्यावर चिठ्ठी लावली आहेस ना?”

“हो.”

“मग हरवला नाही,” ते म्हणाले. आणि मग इतके हसले, की चष्मा काढावा लागला.

“आमची सून बी अशीच हाय,” मथुरा मला धीर देत म्हणाली. “आवरून ठेवते, मग कुनाला गावत नाय.”

बाळारामने आपल्या पेटीतून त्याच मापाचा एक स्क्रू शोधला, त्याच्या आट्यांवर सुताचा धागा गुंडाळला आणि भोकात घट्ट बसवला. पण स्लो रनिंग लावायचं काम त्याने स्वतः केलं नाही. इंजिन पुन्हा चालू केलं आणि स्क्रू-ड्रायव्हर आजोबांच्या हातात दिला.

“तुमी लावा काका. पान्याकडं बगून. वलय उठतंय तोवर पिळा. मधी गुळगुळीत झालं का बास.”

आजोबा वाकले. चष्मा नाकाच्या टोकावर, एक डोळा पेल्यावर. पाव आटा उजवीकडे. पाण्यावर बारीक वर्तुळं. पाव आटा डावीकडे. वर्तुळं मोठी. पुन्हा उजवीकडे, अगदी केसभर. पाणी आरशासारखं झालं आणि त्यात गिरणीचा पत्रा दिसू लागला. त्यांनी मान वर केली. माझ्याकडे नाही, मथुराकडे पाहिलं, बाळाराम पाहतो तसं. मथुराने हाताने खूण केली, ठीक. इंजिन जे बोलत होतं ते मीही ऐकत होते. मांजर कुशीत झोपल्यावर घुरघुरतं, तसं.

मग जेवल्याशिवाय सोडणार नाही असं बाळारामने जाहीर केलं, आणि बेत निघाला पोपटीचा. पोपटी म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, ओवा, मीठ भरून, भांबुर्डी नावाच्या रानझुडपाच्या पाल्याने तोंड बंद करून, मडकं पालथं घालून वरून जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. आमच्यासाठी कोंबडी आणि अंडी वगळली होती. आपल्याकडे हुरडा जसा शेतात बसूनच खायचा, तसंच हेही, फक्त ही थंडीतली, अंधार पडल्यावरची मजा. त्यामुळे मथुराला प्रश्न पडला.

“उन्हाची पोपटी? गाव हसंल आपल्याला.”

“हसू दे गं,” बाळाराम म्हणाला. “मला कुठं ऐकायला येतंय.”

हे मात्र त्याला तिच्या तोंडाकडे बघून कळलं होतं. आजोबांनी त्याला विचारलं, ओठांवरून बोलणं ओळखायला किती दिवस लागले? मग दोघं तुसाच्या ढिगाला टेकून बसले आणि तासभर एकमेकांशी ओरडून बोलत राहिले. गिरणी बंद होती, बाळारामचा मुलगा रसायनीच्या कारखान्यात कामावर गेलेला, चारी दिशांना कुठे आवाज नाही, आणि ही दोन माणसं समोरासमोर बसून अशी ओरडत होती, जशी दोन डोंगरांवर उभी आहेत. भाजक्या शेंगांना पाल्याचा कडवट, धुरकट वास लागला होता. बोटं काळी झाली. मी वही काढली नाही, काळी बोटं हे मला चांगलं निमित्त मिळालं.

शनिवार, कर्जत

तांदूळ बाळारामच्याच गिरणीतून घेतला होता, त्यामुळे कर्जतला काही काम उरलं नव्हतं. पण कर्जतला जायचं ठरवलं होतं, म्हणून गेलो. उल्हास नदीच्या काठाने हिंडलो. आजोबांनी बाजारात गाडी मुद्दाम तीनदा थांबवली, तिन्ही वेळा इंजिन चालू ठेवलं. एकदाही बंद पडलं नाही. एका दुकानदाराने विचारलंसुद्धा, “काका, पेट्रोल फुकट जातंय, बंद करा ना.” आजोबांनी ऐकलं नाही. हे मात्र त्यांनी खरोखर ऐकलं नाही की मुद्दाम, ते मला सांगता येणार नाही.

पोस्टाच्या बाकावर बसून मी तुमच्या बाबांना पत्र लिहिलं. आधी आजोबांना दाखवलं. ‘निकाल: गाडी विकू नये. नऊ वेळा बंद पडली, नऊही वेळा चूक न्यायाधीशाची होती. अट एकच. पुण्याला पोहोचल्यावर तुझ्या बाबांचे कान डॉक्टरांना दाखवायचे, आणि तोवर गाडी चालवताना मी शेजारी बसेन आणि मागचे हॉर्न सांगेन.’

आजोबांनी पत्र वाचलं. “कान दाखवू,” ते म्हणाले. “पण आधी तो डबा.” आणि पत्र स्वतः पेटीत टाकलं.

परतताना रेल्वेचं फाटक बंद होतं. आमच्या पुढे एक बैलगाडी, दोन सायकली आणि एक ट्रक. ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं. आजोबांनी केलं नाही. मालगाडी आली. लांबलचक, संपेचना. तिच्या चाकांच्या खडखडाटात सायकलवाल्याची घंटाही बुडाली, आणि खरं सांगते, आमचं इंजिन मलाही ऐकू येईना.

आजोबांनी माझ्याकडे वळून तोंड मोठं करून विचारलं, “चालू आहे ना गं?”

गाडीबद्दल त्यांनी मला काही विचारावं, असं आमच्या लग्नाच्या इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं. पण उत्तर द्यायला माझे कानही त्या वेळी उपयोगाचे नव्हते. मी हात पुढे करून समोरच्या काचेखालच्या पत्र्यावर तळवा टेकवला. पत्रा कोमट होता आणि आतून हलकेच, एकसारखा हलत होता. आजोबांनी माझं पाहून आपलाही तळवा शेजारी ठेवला.

“आहे,” मी म्हटलं.

त्यांना तो शब्द ऐकू गेला नसणार. त्यांनी मान हलवली, आणि फाटक वर जाईपर्यंत आम्ही दोघंही तसेच बसून होतो.